चौदाव्या ओळीतलं कुलूप

कागद मधलीनंच लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता. दीड पान. ‘वय आणि प्रकृती लक्षात घेता’ अशी सुरुवात, मग ‘कंपनीच्या कामकाजात माझ्या वतीने माझ्या थोरल्या भाच्याने मत द्यावे’, आणि शेवटी सहीसाठी एक रेघ. इतका सभ्य कागद, की वाचणाऱ्याला वाटावं, आत्या आपण होऊन म्हणाली असेल, बाबांनो, मला आता पुरे. प्रत्यक्षात आत्याला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. रविवारी दुपारी सगळ्यांनी थोरल्याकडे जेवायला जमायचं आणि जेवण उरकलं की कागद पुढे सरकवायचा, असं थोरल्यानं ठरवलं होतं. थोरल्यानं ठरवलं म्हणजे वहिनीनं ठरवलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या थोरल्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

कंपनी चौघांची होती. थोरला, मधली, धाकटा ही तीन भावंडं आणि बाबांची बहीण, म्हणजे आत्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानातलं पहिलं यंत्र बाबांनी बनवलं तेव्हा सोल्डरिंगला आत्याच बसली होती, आणि पुढे अठरा वर्षं तिनं ती खुर्ची सोडली नाही. म्हणून जाताना बाबांनी चार सारखे वाटे केले. पण गेली तीन वर्षं आत्या कंपनीच्या सभांना यायची, कोपऱ्यात बसायची, विचारलं की मान डोलवायची, आणि कधीकधी भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायची. महिन्याभरात नव्या यंत्रांची मालिका बाजारात आणायची होती. अशा वेळी एक मत असं अधांतरी ठेवून चालणार नाही, असं थोरला म्हणाला. धाकट्यानं नाइलाजानं मान हलवली. आणि मधली म्हणाली, “मी लिहिते.” तिला कुणी लिही म्हटलंसुद्धा नव्हतं.

ती पोचली तेव्हा बैठकीच्या खोलीत थोरल्याच्या दोन्ही मुलींनी टीव्ही लावला होता, स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता, आणि वहिनी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं टेबल मांडत होती. आत्या आतल्या खोलीत होती.

“कोण, मधली? ये. आणि ते दार लोट बाई आधी.”

मधलीनं दार लोटलं. बाहेरचा गोंगाट एकदम कमी झाला. आत्या पलंगाच्या कडेला बसली होती आणि नव्या मालिकेतलं नमुन्याचं यंत्र चष्म्यातून डोळ्यांशी धरून बघत होती. धाकट्यानं आणून दिलं असणार.

“पाया तोच ना?” तिनं विचारलं.

“तोच, आत्या. थोडा सुधारलाय.”

“सुटे भाग किती राहिले?”

“एकशे ऐंशी. तिन्ही यंत्रांचे मिळून.”

“मिळून!” आत्या हसली. “तुझ्या बाबांच्या वेळी एकेका यंत्राचेच दीड-दीडशे व्हायचे. आणि एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागेल तर शपथ. मी रंगीत डबे करून ठेवले होते, तरी संध्याकाळी एक तरी यंत्र उलगडून परत जोडायला लागायचं. त्याला किती सांगितलं, अरे, खालचं सगळं एकच ठेव आणि वरची टरफलं बदल. पण ऐकेल तर ना. प्रत्येक यंत्र त्याला नव्यानं बाळंतपण केल्यासारखं हवं असायचं. तू ते मोडलंस. फार बरं केलंस.”

गेल्या चार वर्षांत मधलीचं पुष्कळांनी कौतुक केलं होतं, पण त्यांतल्या एकालाही सोल्डरिंग येत नव्हतं.

“फक्त मला एक सांग,” आत्या म्हणाली, “बरेच दिवस डोक्यात आहे. पाया एकच, आतला मेंदू एकच. मग स्वस्तातलं आणि महागातलं यांत फरक उरला काय?”

“वरच्यात बॅटरी चार्ज होते. फोन जोडता येतो. आकार लहान.”

“ते झालं गं. ऐकू येण्यात काय फरक?”

त्याच वेळी वहिनीनं दार उघडलं. “चला, वाढलंय!” टीव्ही, मिक्सर, मुलींचं भांडण, सगळं एकदम आत आलं, आणि मधलीच्या डोळ्यांसमोर आत्याचा चेहरा बदलला. नजर विझल्यासारखी झाली, ओठांवर ते मोघम, सगळ्यांना चालणारं हसू आलं. तिनं मधलीकडे बघून उगाचच मान डोलवली आणि चष्मा पलंगावर काढून ठेवून उठली. मधलीला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याची तिला इतकी लाज वाटली की आत्याच्या हाताला धरून तिला टेबलापर्यंत न्यायचंही तिच्यानं झालं नाही.

कारण फरक काय, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा गेले तेव्हा कंपनी तीन यंत्रांच्या ओझ्याखाली वाकली होती. स्वस्तातलं ‘सोबत’, मधलं ‘सहज’ आणि वरचं ‘सुरेल’. तिघांचे भाग वेगळे, तिघांची दुरुस्ती वेगळी, तिघांचे कारागीर एकमेकांशी बोलायचे नाहीत. मधलीनं एक समाईक पाया केला, त्यावर तिन्ही यंत्रं बसवली, आणि दीड वर्षात कंपनी पुन्हा उभी राहिली. यात खोट काहीच नव्हती. काम चोख होतं, आणि तिला त्याचा सार्थ अभिमान होता.

घोळ नंतर झाला. नव्या पायावरचं ‘सोबत’ फार चांगलं निघालं. इतकं चांगलं, की ‘सहज’ कुणी घेईना. स्वस्तात सगळं मिळतंय तर कोण कशाला जास्तीचे मोजेल? आपलंच एक यंत्र आपल्याच दुसऱ्या यंत्राचं गिऱ्हाईक पळवायला लागलं. थोरला म्हणाला, तुझा एकच पाया आपल्याला नडला, जुन्यासारखे तीन करू. त्या दिवशी दुपारी मधलीनं दार लावून घेतलं आणि एक तक्ता केला. डावीकडे गुण, उजवीकडे तीन यंत्रं. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘गर्दीत माणसाचा आवाज वेगळा करणे’. ‘सुरेल’च्या खाली तिनं लिहिलं, चालू. ‘सहज’च्या खाली, चालू. ‘सोबत’च्या खाली लिहिलं, बंद.

कुठलाही भाग काढला नव्हता. यंत्राच्या आत ते सगळं होतंच, बनवायला एक पैसाही जास्त पडत नव्हता. फक्त वर एक कुलूप घातलं होतं, आणि किल्ली, म्हणजे एक पासवर्ड, तिच्याकडे आणि तिच्या हाताखालच्या दोन इंजिनियरांकडे होती. विक्रीवाल्यांना आणि दुरुस्तीवाल्यांना एवढंच सांगितलं गेलं की ‘सोबत’मध्ये तो भाग नसतो. शांत खोलीत ‘सोबत’ उत्तम चालायचं. चार माणसं जमली की सगळ्याचा एक काला व्हायचा. पुढच्या सहा महिन्यांत ‘सहज’चा खप दुप्पट झाला. मोठमोठ्या सभागृहांत मधलीनं ‘एक पाया, तीन यंत्रं’ यावर भाषणं केली. चौदाव्या ओळीबद्दल ती तिथे कधी बोलली नाही.

आणि बाबांचा एक नियम होता. घरच्या माणसाला यंत्र लागलं तर त्यानं दुकानात जायचं, रांगेत उभं राहायचं, नाव न सांगता पूर्ण किंमत देऊन घ्यायचं. लोकांना काय मिळतं ते आपल्याला कळायला हवं, असं ते म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी आत्याला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा ती मुकाट्यानं दुकानात गेली, “साधंसं द्या” म्हणाली आणि ‘सोबत’ घेऊन आली. आठवड्याभरात मधलीला कळलं. कुलूप काढणं एका मिनिटाचं काम होतं. पण कुलूप काढायचं तर कुलूप आहे हे सांगावं लागलं असतं. आज करू, उद्या करू, असं करता करता आत्या गप्प होत गेली. सगळे म्हणायला लागले, वय झालं. मधलीही म्हणायला लागली. असं म्हणणं फार सोयीचं होतं, आणि कधीकधी तिला ते खरंही वाटायचं. आज त्या लोटलेल्या दाराआड ते खरं वाटायची सोय राहिली नव्हती.

टेबलाशी नेहमीचाच गलबला होता. वहिनी विक्रीचं सांगत होती, थोरला तिचं वाक्य मधेच तोडत होता, मुली ताटं घेऊन टीव्हीसमोर पळाल्या होत्या. धाकटा आत्याच्या शेजारी बसला होता. दुरुस्ती विभाग त्याच्याकडे होता आणि कुठेही गेला तरी त्याचा लॅपटॉप सोबत असायचा.

“आत्या, बटाटे घेतेस?” तो मोठ्यानं म्हणाला.

“हो, हो. बरं आहे सगळं,” आत्या म्हणाली.

वहिनीनं थोरल्याकडे बघितलं. बघितलंस ना, असं त्या बघण्यात होतं.

“हिचं यंत्र शिट्टी मारतंय,” धाकटा म्हणाला. “जरा बघतो. कागद वाचून दाखवायचा तर निदान नीट ऐकू तरी येऊ दे.” त्यानं ताट सरकवलं, लॅपटॉप उघडला आणि दुरुस्तीवाल्यांच्या खास डबीतून आत्याच्या कानातलं यंत्र त्याला बिनतारी जोडून घेतलं. आत्या शांतपणे जेवत राहिली. दोन मिनिटांनी शिट्टी थांबली. धाकटा मात्र पडद्याकडे बघतच बसला.

“ताई, हे बघ जरा.”

“काय?”

“तुझ्या माणसांनी परवा तपासणीचा नवा प्रोग्रॅम दिला ना, त्यात एक ओळ जास्तीची दिसतेय. चौदावी. जुन्यात नव्हती. ‘गर्दीत माणसाचा आवाज वेगळा करणे’. आणि पुढे लिहिलंय, बंद.” त्यानं डोकं खाजवलं. “सोबतमध्ये तो भागच नसतो ना? मग ‘बंद’ कसं? जे नाहीच त्यापुढे ‘नाही’ म्हणायला हवं.”

धाकट्याला घरात कुणी हुशार समजत नसे. शाळेत तो दोनदा नापास झाला होता. मधलीनं पाण्याचा घोट घेतला.

“प्रोग्रॅम तिन्हींना एकच आहे,” ती म्हणाली. “म्हणून ओळ नुसती दिसते. आत काही नाही.”

“असं होय,” धाकटा म्हणाला आणि त्याचा लगेच विश्वास बसला. तिच्यावर त्याचा लहानपणापासून विश्वास बसायचा. किती सहज खोटं बोललो आपण, तिच्या मनात आलं. आवाजसुद्धा हलला नाही. ताटातला भात ती नुसता चिवडत राहिली.

“चला, उरकून टाकू,” थोरला म्हणाला. त्यानं खिशातून कागद काढला, घडी उलगडली. “वाचून दाखवू का आत्याला?”

“काय उपयोग?” वहिनी म्हणाली. “निम्मं कळायचं नाही, मग परत पहिल्यापासून. सहीची जागा दाखवा म्हणजे झालं.”

थोरल्यानं कागद आत्यासमोर ठेवला आणि रेघेवर बोट टेकवलं. आत्यानं चष्मा चाचपला, तो आत पलंगावर राहिला होता. तिनं कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग तिनं मान वर केली आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांतून मधलीला शोधलं.

“तू लिहिलंस?”

मधलीनं मान हलवली.

“मग वाचायचं काय त्यात,” आत्या म्हणाली. नव्या यंत्रांचाच कागद असणार, अशा समजुतीनं तिनं पेनाचं टोपण काढलं.

“थांब,” मधली म्हणाली. पण त्या गलबल्यात आत्याला ते ऐकू गेलं नाही. मधली उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं कागदावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं लॅपटॉप ओढला. चौदावी ओळ. पासवर्ड. ‘बंद’च्या जागी ‘चालू’ आलं. एक मिनिटही लागलं नाही. तीन वर्षं जे झालं नव्हतं ते एक घास गिळायच्या आत झालं.

“ताई,” धाकटा म्हणाला, “आत काही नाही म्हणालीस ना?”

मधली आत्याकडे बघत होती. आत्याची मान हळूहळू वर आली. तिनं पेन खाली ठेवलं.

“आता हिचं काय मधेच?” वहिनी थोरल्याला म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. “म्हातारीला परत समजवायला बसलो तर इथेच संध्याकाळ होईल. तीन वर्षं सभेत नुसती शोभेला बसवतोय, एवढी एक सही करायची तर—”

“अगं, हळू.”

“हळू कशाला? त्यांना कुठे ऐकू येतंय.”

“येतंय,” आत्या म्हणाली.

वहिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला. पलीकडे टीव्ही चालू होता, मिक्सर कधीच बंद झाला होता, थोरल्याची धाकटी मुलगी काहीतरी गुणगुणत होती. आत्या तिकडे कान लावून ऐकत राहिली.

“ती गाते होय?” ती हळूच म्हणाली. “मला कुणी सांगितलं नाही.”

“अगं, रोजच गाते ती,” धाकटा म्हणाला.

मग मधलीनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, खुर्ची रिकामी होती तरी बसायचं धाडस तिला झालं नाही. ‘सोबत’मध्ये काय आहे, कुलूप कुणी घातलं, कशासाठी घातलं, आत्यानं ‘सोबत’ घेतलं हे आपल्याला केव्हा कळलं. शेवटचंही तिनं सांगितलं.

पहिला आवाज थोरल्याचा चढला. “हे बघ, कुलूप-बिलूप काय म्हणतेस? सगळ्या कंपन्या हेच करतात. माल एकच असतो, किमतीप्रमाणे उघडून द्यायचा. यात लाजण्यासारखं काय आहे? उद्या सगळ्या सोबतची कुलपं काढलीस तर सहज घेईल कोण? तीनशे माणसं आहेत आपल्याकडे.”

“दादा, तू तर तीन वेगळे पाये कर म्हणत होतास. एकच पाया ठेवायला मीच तुझं मन वळवलं, कुलपाचं न सांगता.”

“वळवलंस ना? मग आता मी वळलोय तर वळलेला राहू दे!”

एरवी सगळे हसले असते.

“एक मिनिट,” वहिनी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या बाजूनं बोलत नव्हती. “चार वर्षं मी दुकानादुकानांत जाऊन माणसं शिकवलीत. गिऱ्हाइकानं विचारलं की काय सांगायचं? सोबतमध्ये तो भाग नसतो. माझ्या तोंडानं सांगितलं. एक बाई रडत होती माझ्यासमोर, नातवाच्या वाढदिवसाला काही कळलं नाही म्हणून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, मावशी, यात तो भागच नाही, काय करणार. तुला माहीत होतं आणि तू मला हे बोलायला लावलंस?”

“हो.”

“मला सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं असं वाटलं तुला?”

“उलट,” मधली म्हणाली. “तुम्ही ऐकलं असतं, वहिनी. विकूनही दाखवलं असतं. फक्त मग घरात मला एकटीला नाही, दोघींना माहीत झालं असतं. मला ते कुणालाच माहीत व्हायला नको होतं.”

वहिनीला राग आला की ते पटलं, हे तिचं तिलाही कळलं नसावं. धाकटा लॅपटॉपकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “माझ्याकडे म्हातारी माणसं यायची. चार जणांत ऐकू येत नाही म्हणायची. मी तासतास बसायचो. भोक साफ कर, आवाज वाढव, कमी कर. शेवटी म्हणायचो, वय झालं की असंच होतं, आजोबा. आणि ती माणसं मलाच धन्यवाद देऊन जायची.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मधलीला वाटलं.

एवढ्या वेळात आत्यानं कागद वाचायला घेतला होता. थोरल्याच्या मोठ्या मुलीनं न सांगता चष्मा आणून दिला होता. आत्यानं दीड पान सावकाश वाचलं, एका जागी थांबून परत वाचलं, आणि सगळे गप्प व्हायची वाट न बघता म्हणाली, “भाषा छान आहे.”

मधलीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

“आत्या, तो कागद आता…” थोरल्यानं हात पुढे केला.

“राहू दे माझ्याकडे.” आत्यानं कागदाची घडी घातली. “मधले, मघाशी मी तुला विचारलं, ऐकण्यात काय फरक. तू बोलली नाहीस. आता मी विचारते त्याचं खरं सांग. किती जणांच्या कानात आहे हे सोबत?”

“एक लाख चाळीस हजार.”

“सगळ्यांच्यात आहे कुलूप?”

“सगळ्यांच्यात.”

“काढता येतं?”

“येतं. दुरुस्तीला येतील तेव्हा तिथल्या तिथे. ज्यांचं फोनला जोडलेलं असतं त्यांचं घरबसल्या झालं असतं, पण सोबतला फोन जोडता येत नाही. माणसं बोलवावी लागतील. वर्ष लागेल.”

“आणि सहजचं काय?” थोरला म्हणाला. “सांग ना तिला. सहज कुणी घेणार नाही.”

“सहजमध्ये काहीतरी खरंच जास्तीचं घालावं लागेल, दादा,” मधली म्हणाली. “तेव्हाही तेच करायला हवं होतं. मला ते सुचलं नाही. वरच्यात काय घालावं ते सुचलं नाही म्हणून मी खालच्यातलं काढून घेतलं, आणि लोक म्हणाले, काय हुशार आहे.”

“सुचेल,” आत्या म्हणाली. “बसलीस तर सुचेल. तू बसलीच नाहीस.”

हे तिनं रागानं म्हटलं नाही. एखाद्या पोरीचं सोल्डरिंग तपासून, हा सांधा कच्चा आहे, परत कर, असं सांगावं तसं म्हटलं. मधलीनं मान खाली घातली. बाबा असते तर चिडले असते, आरडाओरडा केला असता, आणि संध्याकाळपर्यंत तिला माफही करून टाकलं असतं. आत्याचं तसं नव्हतं.

“आता बंद कर,” आत्या म्हणाली.

“काय?”

“माझं. होतं तसं कर.”

“आत्या, असं काय करतेस?” धाकटा उठून उभा राहिला. “आत्ताच तर ऐकू यायला लागलं तुला.”

“मी रांगेत उभी राहून घेतलंय ते. नाव न सांगता. त्या एक लाख चाळीस हजारांतली मी एक. त्यांच्या घरी कुणाची भाची बसलीय किल्ली घेऊन? सगळ्यांचं निघेल तेव्हा माझं काढ. माझा नंबर येईल तेव्हा मी येईन दुकानात. आणि सभेलाही येईन. कागद नीट मोठ्या अक्षरात छापून द्यायचे, प्रश्न लिहून विचारायचे. माझं मत मीच देणार.”

थोरल्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं नजर वळवली आणि टेबलावरची ताटं एकात एक ठेवायला घेतली. “पहिल्या हजार लोकांची यादी मी उद्या काढते,” ती ताटांकडे बघतच म्हणाली. “दुकानांकडे पत्ते आहेत सगळ्यांचे.” थोरला खुर्चीत मागे रेलला. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाशी आपण एकटे पडलोय, हे त्याच्या उशिरा लक्षात येत होतं.

मधली लॅपटॉपसमोर बसली. तिनं दोनदा पासवर्ड चुकवला. आत्या समोरच होती, तिच्याकडे बघत, आणि तिच्या पलीकडे त्या लहान पोरीचं गाणं अजून चालूच होतं.

“गाणं संपू दे?” मधलीनं विचारलं.

“संपू दे,” आत्या म्हणाली.

गाणं लांबलचक होतं, शब्दही धड नव्हते, आणि मधे दोनदा पोरीनं ते पहिल्यापासून सुरू केलं. मग तिला कंटाळा आला आणि ते कुठेतरी अर्ध्यातच थांबलं. आत्यानं मान हलवली. मधलीनं ‘चालू’वर बोट ठेवलं आणि ते ‘बंद’ केलं. चार वर्षांपूर्वी एकटीनं, दार लावून, एका तक्त्यात हेच केलं होतं तेव्हा समोर कुणी नव्हतं. आता ज्या चेहऱ्यावरून ते ऐकणं निघून गेलं तो चेहरा तिला शेवटपर्यंत बघावा लागला.

टीव्ही, भांडी, खुर्च्या सरकवल्याचे आवाज. आत्यानं पाण्याचा पेला उचलला. मधली तिच्याजवळ गेली, खाली वाकली आणि तिला तीन वर्षांपासून जे म्हणायचं होतं ते म्हणाली.

“काय?” आत्यानं कान पुढे केला.

“माझं चुकलं, आत्या.”

“ऐकू येत नाही गं. मोठ्यानं बोल.”

मधलीनं इकडेतिकडे बघितलं. थोरला बघत होता, वहिनी ताटं धरून दारात उभी होती, मुली टीव्ही सोडून आल्या होत्या, आणि उघड्या खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता.

“माझं चुकलं!” ती ओरडली.

“अजून,” आत्या म्हणाली.